डिस्कवरचा सिनेमा सोफ्यापर्यंत किती पोचतो?

डेव्हिड लीन यांच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या १९६२ सालच्या चित्रपटात विहिरीचा एक प्रसंग आहे. सपाट, पांढुरके वाळवंट. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते ते कळत नाही, कारण मधला सगळा पट्टा उन्हाच्या झळांनी थरथरतो आहे. त्या थरथरीतून एक काळा ठिपका उमटतो. तो खरोखर हलतोय की भास होतोय, हे बराच वेळ ठरवता येत नाही. मग ठिपका लांबट होतो, त्याला उंटाचे पाय फुटतात आणि ओमर शरीफ पडद्यावर अवतरतो. बोलणे एकदोन शब्दांचे, पार्श्वसंगीत नाही. सगळे नाट्य त्या ठिपक्यात आहे. छायालेखक फ्रेडी यंग यांनी तो ४८२ मिलिमीटरच्या खास भिंगातून, नेहमीच्या ३५ मिलिमीटरऐवजी ६५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर टिपला. २०२० मध्ये हा चित्रपट अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कवर आला. म्हणजे ठिपका डिस्कवर शाबूत आहे. हॉलमधल्या सोफ्यावर बसलेल्या माणसापर्यंत तो पोचतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि घरच्या थिएटरची सगळी खरेदी याच प्रश्नाभोवती व्हायला हवी.

प्रत्यक्षात ती दुकानातल्या पाट्यांभोवती होते. किती इंच, किती वॅट, फोर-के की एट-के, किती स्पीकर. या आकड्यांमागे एक समजूत असते की महागडे यंत्र चित्रात काहीतरी भर घालते. डिस्कच्या बाबतीत हे खरे नाही. जे काही आहे ते डिस्कवर आधीच आहे. प्लेयर, केबल, टीव्ही, स्पीकर आणि खोली या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर त्यातले थोडे थोडे सांडत जाते. म्हणून आपल्या घरात सर्वांत जास्त काय आणि कुठे सांडते ते शोधावे आणि पैसे तिथे घालावेत. असा विचार केला की खर्चाचा क्रम जवळजवळ उलटा होतो. खोली आणि बसायची जागा आधी येते, मग आवाज, मग पडद्याचा काळा रंग. यंत्राचे मॉडेल त्यानंतर.

आधी डिस्कवर असते काय ते पाहू. जुन्या डीव्हीडीवर, आपल्याकडच्या पद्धतीनुसार, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे चित्र असे आणि दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी मावत. २००६ मध्ये आलेल्या ब्लू-रेने निळ्या-जांभळ्या लेझरच्या बारीक टोकामुळे तेवढ्याच चकतीत ५० जीबी बसवले आणि चित्र १९२० बाय १०८० वर नेले. २०१६ च्या अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर ६६ किंवा १०० जीबी मावतात, चित्र ३८४० बाय २१६० ठिपक्यांचे असते आणि प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या असतात. याच्या शेजारी ओटीटी ठेवून पाहा. नेटफ्लिक्सच्याच माहितीनुसार फोर-के दर्जाला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो, म्हणजे तीन तासांचा चित्रपट २१ जीबीत. मूळ चित्रातले काहीच न आवळता पाठवायचे ठरवले तर सेकंदाला सुमारे ६ अब्ज बिट लागतील. डिस्क ते साधारण शंभरपटीने आवळते आणि ओटीटी जवळजवळ चारशेपटीने. ठिपक्यांची संख्या दोन्हीकडे तीच, दोन्हीकडे पाटी फोर-केचीच. फरक पडतो तो त्या ठिपक्यांत किती माहिती उरली यात.

'आम्हाला तर ओटीटीवर अगदी स्वच्छ दिसतं,' असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. उजेडातला, संथ, दोन माणसे बोलत बसलेली असा प्रसंग असेल तर फरक शोधावा लागतो. चित्र आवळणारी प्रणाली पुढच्या चौकटीचा अंदाज आधीच्या चौकटीवरून बांधते आणि न बदललेला भाग पुन्हा पाठवत नाही. अंदाज चुकतो तो जिथे प्रत्येक चौकट नव्याने बदलते तिथे. पाऊस, धूर, पाण्यावरची चमक, फिल्मचे बारीक दाणे आणि वाळवंटातली झळ. माहिती अपुरी पडली की प्रणाली अशा जागा गुळगुळीत करून टाकते. अंधाऱ्या प्रसंगात भिंतीवरच्या सावलीच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे दिसतात, ते याच कारणाने. लीन यांच्या त्या पट्ट्यात थरथरीशिवाय दुसरे काही नाही. ती गुळगुळीत झाली की प्रसंगच उरत नाही. मात्र ज्या घरात मालिका, बातम्या आणि महिन्याकाठी एखादा चित्रपट एवढेच पाहिले जाते, तिथे डिस्कच्या नादी लागू नये असे मी स्पष्टच म्हणेन. हा खर्च चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांचा आहे.

आता सोफ्याकडे. निकोप डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. पंचावन्न इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर. फुल एचडी चित्रात या रुंदीवर १९२० ठिपके बसतात, म्हणजे एकेक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा. हिशेब केला तर सुमारे सात फुटांच्या पुढे डोळा हे ठिपके सुटे पाहू शकत नाही. जो ठिपका मुळात सुटा दिसत नाही त्याचे चार तुकडे केले काय नि न केले काय, सारखेच. पासष्ट इंचाला ही हद्द साडेआठ फुटांच्या आत-बाहेर येते आणि पंच्याहत्तर इंचाला पावणेदहा फुटांवर. आपल्या फ्लॅटांतल्या हॉलमध्ये टीव्ही एका भिंतीला आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकवलेला असतो, मधले अंतर बहुधा दहा फूट. तिथे पंचावन्न इंची फोर-के टीव्ही लावला तर ज्या आकड्यासाठी पैसे मोजले तोच आकडा वाया जातो. तरुण, तीक्ष्ण डोळ्यांना थोडे अधिक दिसेल, पण चित्र फार बदलणार नाही. एट-केचा तर विचारही नको. त्या दर्जाच्या चित्रपटांच्या डिस्क बाजारात मिळतच नाहीत.

यावर दोन उपाय आहेत आणि त्यांतला एक फुकटचा आहे. सिनेमा आणि टीव्ही तंत्रज्ञांच्या एसएमपीटीई या संस्थेच्या नावाने जो प्रघात रूढ आहे, त्यानुसार पडद्याने नजरेचा किमान तीस अंशांचा कोन व्यापावा. दहा फुटांवरून त्यासाठी पंच्याहत्तर इंची पडदा लागतो. तेच पंचावन्न इंची पडद्यासाठी साडेसात फुटांवर बसले की झाले. म्हणजे चित्रपटाच्या वेळेपुरता सोफा किंवा दोन खुर्च्या अडीच फूट पुढे ओढल्या, तर दोन मापे मोठा टीव्ही घेतल्याइतका फरक पडतो. जवळ बसून डोळे बिघडतात ही भीती जुनी आहे. जवळून पाहिल्याने डोळे थकू शकतात, पण कायमची इजा होत नाही, आणि साडेसात फूट हे काही जवळ म्हणण्यासारखे अंतरही नव्हे. सोफा हलवणे अजिबात शक्य नसेल आणि टीव्हीही मोठा घ्यायचा नसेल, तर फोर-के डिस्कच्या जादा पैशांऐवजी साधी ब्लू-रे घ्यावी. दहा फुटांवरून पंचावन्न इंचांवर तिची रेखीवता कमी वाटणार नाही, आणि आवाज तर तितकाच निर्दोष मिळेल.

रेखीवता अंतरावर अवलंबून असते. काळा रंग आणि उजेडाचा पल्ला मात्र खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसतो. म्हणून टीव्ही निवडताना मी ठिपक्यांपेक्षा याला फार वरचे स्थान देतो. एचडीआर म्हणतात त्या तंत्रात ठिणगी, दिव्याची ज्योत, पाण्यावरचे ऊन यांना बाकीच्या चित्राच्या कितीतरी पट उजेड दिलेला असतो. डिस्क बनवताना तो बहुधा १००० किंवा ४००० निटच्या (निट हे उजेडाचे एकक) हिशेबाने बांधतात. पुष्कळ स्वस्त टीव्हींचा सगळा आवाकाच ३०० निटच्या आसपास असतो. त्यांच्या खोक्यावरही 'एचडीआर' लिहिलेले असते, पण त्याचा अर्थ एवढाच की तो संदेश त्यांना वाचता येतो. काळ्या रंगाचेही तसेच. एलईडी म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हीत पडद्यामागे दिवे असतात आणि काळ्या जागीही थोडा उजेड झिरपतो. 'लॉरेन्स'सारख्या रुंद चित्राच्या वर-खाली ज्या काळ्या पट्ट्या येतात त्या रात्री, दिवे मालवून पाहाव्यात. त्या राखाडी दिसल्या तर चित्रातली प्रत्येक सावलीही तितकीच राखाडी आहे. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि विझतो, त्यामुळे काळे म्हणजे काळेच. पण ज्या घरात वृत्तवाहिनी दिवसभर चालू असते तिथे तळाची सरकती पट्टी आणि कोपऱ्यातले बोधचिन्ह ओलेडवर कायमचा ठसा उमटवू शकते. तिथे पडद्यामागचे दिवे शेकडो भागांत वेगवेगळे मंद करणारा मिनी-एलईडी बरा. पासष्ट इंची सामान्य टीव्ही आणि पंचावन्न इंची खरा काळा दाखवणारा टीव्ही एकाच किमतीत मिळत असतील, तर मी दुसरा घेऊन सोफा पुढे ओढायला सांगेन. प्रोजेक्टरचा मोह अनेकांना होतो, पण पांढरा पडदा खोलीतल्या उजेडापेक्षा काळा होऊ शकत नाही. पूर्ण अंधार करता येत असेल तरच त्या वाटेला जावे.

टीव्ही घरी आला की पहिल्याच दिवशी एक काम करावे, त्याला पैसे लागत नाहीत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने रचून घालतो आणि लाखमोलाचा चित्रपट मालिकेच्या चित्रीकरणासारखा दिसू लागतो. ही सोय बंद करावी. २०१९ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी आणि ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारख्या दिग्दर्शकांच्या पाठिंब्याने 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला तो याचसाठी. तो नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडावे. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. डोळ्याला सवय झाली की दुकानातली निळसर झगझग खोटी वाटू लागते.

आवाजाकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो आणि सर्वांत जास्त सांडते तेही तिथेच. नोलन यांच्या २०२३ मधल्या 'ओपनहायमर'मध्ये ट्रिनिटी या अणुबॉम्बच्या चाचणीचा स्फोट होतो तेव्हा पडदा उजेडाने भरून जातो आणि आवाज नाहीसा होतो. ऐकू येतात ते फक्त श्वास. मग एक कुजबुजलेले वाक्य. बऱ्याच वेळाने धमाका येऊन आदळतो. चार नंबरवर फिरणारा पंखा, बाहेरची वाहतूक आणि स्वयंपाकघरातला कुकर यांच्यात ते श्वास हरवले, तर धमाकाही निम्मा होतो, कारण त्याचे बळ आधीच्या शांततेतून आलेले आहे. आवाजाची पहिली खरेदी म्हणून खोलीच दुरुस्त करावी. रिकाम्या हॉलच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. तिच्यामागे झणझणीत शेपूट ऐकू आले तर कितीही महाग स्पीकर आणा, संवाद अस्पष्ट होणारच. व्हिट्रिफाइड फरशी, काचेचे सरकते दार आणि उघडी भिंत आवाज उलटा फेकतात. सोफ्यापुढे जाडसर गालिचा, नसेल तर दुहेरी घातलेली सतरंजी, काचेवर जमिनीपर्यंत येणारा जड पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेले कपाट. मग पुन्हा टाळी वाजवून पाहा.

त्यानंतर स्पीकर. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. संवादासाठी आवाज वाढवायचा आणि मारामारी आली की घाईने कमी करायचा, असा रिमोट हातात धरून जे सिनेमा पाहतात, त्यांचा दोष बहुतेक वेळा याच जागी असतो. म्हणून डावा, मधला आणि उजवा हे तीन स्पीकर एकाच मालिकेतले आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांच्यावर. बाजूचे दोन आणि सबवूफर वर्षभराने आणले तरी चालतील. एका खोक्यात सहा स्पीकर देणाऱ्या स्वस्त संचापेक्षा दोन चांगले स्पीकर आणि एक प्रामाणिक अँप्लिफायर शतपटीने बरे. खोक्यावरच्या पीएमपीओ वॅटच्या हजारांच्या आकड्याला काही अर्थ नाही, आरएमएस वॅट विचारावेत. तेही ५० चे १०० झाले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. छतातल्या स्पीकरांसाठी, म्हणजे डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी, घाई करू नये. 'ओपनहायमर'च्या डिस्कवर अ‍ॅटमॉस नाहीच, साधा पाच-अधिक-एकचा आवाज आहे, आणि त्याच्या धमाक्यात कुणाला काही उणे भासत नाही.

सर्वांत रास्त आक्षेप शेजाऱ्यांचा आहे. चाळीसारख्या खेटून उभ्या इमारतीत सबवूफरची घरघर स्लॅबमधून खालच्या घरात उतरते आणि तिथे एखादे मूल झोपलेले असते. याला उत्तर म्हणून मोठ्या सबवूफरची शिफारस मी करणार नाही. रबराच्या जाड पायांवर ठेवलेला छोटा सबवूफर, भिंतीच्या कोपऱ्यापासून दूर, आणि रात्री रिसीव्हरमधला 'नाइट मोड', हा समझोता करावाच लागेल. ज्यांना तोही शक्य नाही त्यांनी चांगला साउंडबार घ्यावा. साउंडबार घ्यायचा तर डिस्कचा प्लेयर थेट त्यालाच जोडता येईल अशी एचडीएमआयची खाच असलेला घ्यावा. टीव्हीमार्फत आवाज नेला आणि तिथे ईआर्कऐवजी जुनी आर्क सोय असली, तर डिस्कवरचा तोटाविरहित आवाज तिच्यातून जातच नाही, आवळलेला जातो.

प्लेयर आणि केबल यांवर मात्र सढळ हाताने खर्च करण्याचे कारण नाही. आकडे वाचून पुढे देणे हे त्यांचे काम. चालू स्थितीतला कोणताही अल्ट्रा एचडी प्लेयर ते जवळजवळ सारखेच करतो, आणि 'प्रीमियम हाय स्पीड' प्रमाणपत्राची साधी एचडीएमआय केबल डिस्कसाठी पुरून उरते. घरात डिस्कची खाच असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल तर सुरुवातीला वेगळा प्लेयरही नको. प्लेस्टेशनवर डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार दिसत नाही, एवढे लक्षात ठेवावे. आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. डिस्क बहुधा बाहेरून येतात, कुणी अमेरिकेतल्या भावाकडून, कुणी लंडनच्या मैत्रिणीकडून मागवतात. अल्ट्रा एचडी डिस्कला प्रदेशाचे बंधन नाही, ती कुठलीही कुठेही चालते. साध्या ब्लू-रेला आहे. भारत 'सी' विभागात येतो आणि अमेरिका 'ए'मध्ये, त्यामुळे तिकडची ब्लू-रे इकडच्या प्लेयरवर अडू शकते. प्लेयरच तिकडून आणायचा तर मागच्या पट्टीवर तो २३० व्होल्टवर चालतो का हे वाचून मगच पैसे द्यावेत. नुसत्या १२० व्होल्टचे यंत्र इथल्या सॉकेटला लावले की क्षणात जळते.

राहिला शेवटचा आणि सर्वांत मोठा आक्षेप. डिस्क संपत चालली आहे, मग तिच्यासाठी खोली का सजवायची? संपत चालली आहे हे खरेच. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेयर बनवणे थांबवले, सॅमसंगने २०१९ मध्ये नवे मॉडेल काढणे सोडले, २०२४ अखेर एलजीही बाहेर पडली, आणि नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवण्याची आपली मूळ सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. पण त्याच वर्षी 'ओपनहायमर'ची फोर-के डिस्क अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात दुकानांतून संपली होती. ओटीटीवरचा चित्रपट करार संपला की एका रात्रीत नाहीसा होतो. कपाटातला होत नाही. शिवाय सोफा, गालिचा, तीन स्पीकर आणि खरा काळा दाखवणारा पडदा यांतले काहीही डिस्कपुरते नाही, ओटीटीवरचा चित्रपटही त्यांच्यामुळे उजळतो. डिस्कपुरता असतो तो एकटा प्लेयर, आणि खर्चाच्या यादीत तो तळाशी आहे. टीव्ही आणि स्पीकर पुढच्या पाच वर्षांत सुधारतील, कदाचित स्वस्तही होतील; त्यांना वाट पाहता येते. मोठ्या कंपन्यांपैकी अल्ट्रा एचडी प्लेयर बनवणाऱ्या आता मुख्यतः सोनी आणि पॅनासॉनिक या दोनच उरल्या आहेत. म्हणून ज्यांना डिस्क जपायच्या आहेत त्यांनी बाकी सगळे सवडीने करावे, प्लेयर मात्र यंदाच घ्यावा.